गोळी अडवणाऱ्या ढाली : चाचणी तुकड्याची होते, ढालीची नाही

मानेवाडा_रिंगरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बंदोबस्ताला पोलिसांच्या हातात जी पारदर्शक ढाल दिसते, ती दगड, बाटल्या आणि काठ्यांसाठी असते. पॉलीकार्बोनेटची, हलकी. गोळीसाठी ती बनवलेलीच नसते. हा धागा दुसऱ्या ढालीबद्दल आहे : काळी, जड, वरच्या बाजूला जाड काचेची छोटी खिडकी असलेली. दार फोडून आत शिरताना तुकडीतला पहिला माणूस ती पुढे धरतो आणि मागच्या सगळ्यांची भिस्त त्या एका ढालीवर असते.

माझी नोकरीची बरीच वर्षं साहित्य-चाचणीत गेली, त्यातला काही काळ गोळीरोधक पाट्यांवर, म्हणजे ज्या फलकांपासून अशा ढाली बनतात त्यांवर. ओळखीतली एक मुलगी शीघ्र कृती दलात आहे. तिने परवा विचारलं, "काकाजी, ढालीच्या मागे 'लेव्हल थ्री-ए' लिहिलंय. म्हणजे नक्की काय थांबतं?" प्रामाणिक उत्तर लांब आहे, म्हणून इथे लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

थ्री-ए ही पातळी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या (पुढे एनआयजे म्हणतो) ०१०८.०१ या मानकातली. हे मानक सप्टेंबर १९८५ चं आहे. आपल्याकडच्या निविदांतही ढालींसाठी त्याचाच आधार घेतलेला दिसतो. चाचणी दोन गोळ्यांवर होते. एक ९ मि.मी.ची, ८ ग्रॅमची, तांब्याचं कवच असलेली. दुसरी .४४ मॅग्नम, १५.५५ ग्रॅमची, शिशाची. दोन्हींचा वेग सेकंदाला ४२६ मीटर, १५ मीटर इकडेतिकडे चालतं. आपल्या पोलिसांकडचं पिस्तूल ९ मि.मी.चंच. .४४ मॅग्नम आपल्याकडे सहसा दिसत नाही, पण ती वजनदार गोळी असल्याने पाट्याला मागे जास्त फुगवते.

आता चाचणी कशी होते ते नीट वाचा, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. साधारण ३०.५ सें.मी. लांब आणि तितकाच रुंद तुकडा घेतात. २० ते २८ अंश तापमानात तो किमान २४ तास ठेवतात. मग चौकटीत पक्का आवळून नळीच्या तोंडापासून ५ मीटरवर उभा करतात. तुकड्याच्या मागे १५ सें.मी.वर अर्धा मि.मी. जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो, त्याला आम्ही विटनेस प्लेट म्हणत असू. पाच गोळ्या मारतात. प्रत्येक गोळी कडेपासून आणि आधीच्या भोकापासून किमान ५ सें.मी. लांब बसली पाहिजे आणि जवळजवळ सरळ, म्हणजे ५ अंशांच्या आतल्या तिरपेपणाने लागली पाहिजे. मग तो पत्रा काढून ६० वॅटच्या दिव्यासमोर धरायचा. सुईच्या टोकाएवढा जरी उजेड पलीकडे दिसला तरी पाटा नापास. गोळीच गेली पाहिजे असं नाही. पाट्याच्याच मागच्या थराची कपची उडून पत्र्याला भोक पाडलं तरी नापास. पत्रा फिरवून फिरवून, कोपरे तिरपे करून बघायचा असतो. घाईच्या माणसाला ते भोक सापडत नाही.

वेग मोजणाऱ्या यंत्राचंही तेच. ३० मे २०२४ ला आपल्या नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं ना? हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. गोळीबाराच्या रेंजवरचं यंत्र जर वेग जास्त दाखवत असेल तर गोळी प्रत्यक्षात हळू जाते, ढाल आरामात पास होते आणि अहवालात सगळं नियमानुसार दिसतं. म्हणून अहवालात वेगाच्या आकड्याशेजारी यंत्राच्या कॅलिब्रेशनची तारीख बघायची असते.

आता मूळ मुद्दा. त्या चाचणीत खिडकी नाही. खिडकी आणि पाटा जिथे जुळतात तो सांधा नाही. हँडलचे बोल्ट नाहीत. कडा तर नियमानेच बाहेर, कारण कडेपासून ५ सें.मी.च्या आत लागलेली गोळी धरतच नाहीत. उन्हात तापलेला नमुना नाही, पावसात भिजलेला नाही. म्हणजे 'थ्री-ए' हा शिक्का पाट्याच्या मालाला मिळतो. ढाल मात्र त्या मालाला भोक पाडून, खिडकी बसवून, बोल्ट आवळून बनते आणि ती पूर्ण वस्तू कोणी तपासली की नाही हे शिक्क्यावरून कळत नाही.

आणखी एक. 'एनआयजे प्रमाणित ढाल' असं जाहिरातीत असतं. एनआयजेचा प्रमाणनाचा कार्यक्रम अंगावर घालायच्या चिलखतासाठी आहे, ढालींसाठी नाही. ढालीबद्दल फार तर 'अमुक प्रयोगशाळेत ०१०८.०१ प्रमाणे तपासली' एवढंच म्हणता येतं. आपल्या भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७०५१ हे २०१८ चं मानक चांगलं आहे, त्यात सहा पातळ्या आहेत, पण तेही जॅकेटचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नागपूरच्या पोरांच्या हातात जाणारी ढाल पूर्ण ढाल म्हणून तपासली गेली पाहिजे. तुमचे अनुभव लिहा.

---

खाकीघर_टाकळी

काकाजी, लेख वाचला. आमच्या घरी दोन पिढ्या पोलिसात, म्हणून एक थेट प्रश्न. इथे गुंडांकडून पकडलं जातं ते काही .४४ मॅग्नम नसतं. देशी कट्टा असतो, नाहीतर ज्याला पोरं 'माउझर' म्हणतात ते असतं. त्याला ही ढाल पुरते का? मानकात त्याचं काय आहे?

---

मानेवाडा_रिंगरोड

ताई, 'माउझर' म्हणून जे देशी पिस्तूल जप्त होतं ते बऱ्याचदा ७.६५ मि.मी.चं असतं. त्याची गोळी ९ मि.मी.पेक्षा बरीच दुबळी. थ्री-ए पाट्याला ती जड जाऊ नये.

कट्ट्याची गोष्ट वेगळी. .३१५ बोअरचा कट्टा म्हणजे रायफलचं काडतूस आखूड नळीतून. आखूड नळीमुळे वेग घटतो हे खरं, पण किती घटतो ते प्रत्येक कट्ट्यागणिक वेगळं, कारण नळी कोणी कशी बनवली याचा काही नेम नाही. ०१०८.०१ च्या तक्त्यात ही गोळीच नाही. त्यामुळे थ्री-ए लिहिलेल्या ढालीवर कट्ट्याबद्दल हो किंवा नाही, काहीच लिहिलेलं नसतं. यावर उपाय आहे. खरेदीच्या अटींत 'स्थानिक धोका' म्हणून ते काडतूस लिहायचं आणि त्याची वेगळी चाचणी मागायची. प्रयोगशाळेला ते अवघड नाही. पण अटी लिहिणाऱ्याने ते लिहिलं पाहिजे. गुन्हे शाखेच्या जप्तीच्या नोंदी आणि खरेदीच्या अटी लिहिणारं टेबल, हे दोघं एकमेकांशी बोलले तर अर्धं काम झालं.

---

वऱ्हाडी_माणूस

१ जून २००६ ला पहाटे महालात संघाच्या मुख्यालयावरच्या हल्ल्यात काय झालं ते सगळ्या नागपूरला माहीत आहे. तिघं पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून आले, एके रायफली होत्या, आपल्या पोलिसांनी त्यांना तिथेच आडवं केलं. अशा वेळी ही ढाल काय कामाची? मंग रायफलवालीच घ्या ना, पिस्तूलवाली काऊन घेऊन राहिले?

---

मानेवाडा_रिंगरोड

भाऊ, प्रश्न रास्त आहे. आकडे बघा. ९ मि.मी.ची ८ ग्रॅमची गोळी ४२६ च्या वेगाने आली तर तिची ऊर्जा ७२६ ज्यूलच्या आसपास. .४४ मॅग्नमची १४११. एकेची गोळी सुमारे ७.९ ग्रॅमची, वेग ७१५ च्या आसपास, म्हणजे ऊर्जा २००० च्या पुढे. त्यात ती टोकदार आणि बारीक, थोड्या जागेत सगळा जोर. पिस्तुलाची बोथट गोळी तंतूंच्या जाळ्यात चपटी होऊन अडकते. रायफलची तंतू बाजूला सारत जाते. तिला अडवायला बहुतेक वेळा सिरॅमिक किंवा खास पोलाद लागतं आणि त्याचं वजन अंगावर येतं. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात पिस्तूल आणि समोर जिना, अशा वेळी ते वजन घेऊन चालणं फार अवघड जातं. मोठ्या कारवाईला चाकांवरची ढाल असते, ती वेगळी.

म्हणून पिस्तुलाची ढाल हवीच. बहुतेक घरझडतीत, खोलीत कोंडून बसलेल्या आरोपीला पकडताना, समोर येणारं हत्यार पिस्तुलासारखं, हातात मावणारंच असतं. पण ढाल धरणाऱ्याला तिची मर्यादा पाठ असली पाहिजे. 'बुलेटप्रूफ' हा शब्दच त्याच्यासमोर वापरू नये, 'पिस्तुलापर्यंत' म्हणावं.

---

पॉलिमरवाला

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात पॉलिमर शिकवतो. धागाकर्त्यांनी 'उन्हात तापलेला नमुना नाही' असं एका वाक्यात लिहून सोडलं, त्यावर सविस्तर लिहितो, कारण नागपुरात तोच प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

ढालीचा पाटा हल्ली दोनपैकी एका तंतूचा असतो. अ‍ॅरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा पिवळा तंतू, किंवा अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन, ते पांढरं. हलकं हवं म्हणून पॉलिथिलीनचा कल वाढतोय. वजनाच्या मानाने त्याची ताकद अफाट आहे आणि ते पाण्यावर तरंगतं, इतकं हलकं. पण आहे शेवटी पॉलिथिलीनच. १३०-१५० अंशांच्या दरम्यान ते वितळतं आणि त्याच्या बरंच आधी, तापमान चढेल तशी त्याची ताकद कमी होत जाते. गोळी अडवताना तंतूंवर जो ताण येतो तो काही मिलीसेकंदांचाही नसतो, तरी तंतू आधीच गरम असेल तर तो लवकर सैल सोडतो.

आता मे महिन्यातली आपली दुपार डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४५. उघड्यावर उभी व्हॅन, काचा बंद, आत हवाच ६० च्या पुढे जाते. काळी ढाल मागच्या काचेला टेकवून ठेवली असेल तर तिचा पृष्ठभाग त्याहून गरम. सायंकाळी ती थंड होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते. वितळण्याच्या जवळपासही ती जात नाही, खरं आहे, पण थर एकमेकांना धरून ठेवणारा जो चिकट राळेचा भाग असतो तो या रोजच्या तापण्या-निवण्याने थकतो. थर सुटायला लागतात, खिडकीच्या भोवतीचं सील आकसतं.

अ‍ॅरामिडला उष्णतेचं तितकं भय नाही. त्याला ऊन आणि ओल सोसत नाही. अतिनील किरणांनी तंतू ठिसूळ होतो आणि ओला झाला की गोळी अडवण्याची क्षमता घटते, म्हणून त्यावर रंगाचं आणि राळेचं अखंड आवरण लागतं. कड घासून आवरण निघालं असेल तर पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं.

नव्या वस्तूवरची चाचणी किती फसवी असू शकते याचं उदाहरण जगासमोर आहे. झायलॉन नावाचा तंतू. नवा असताना अप्रतिम. जून २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स इथे एका पोलीस अधिकाऱ्याच्या झायलॉनच्या जॅकेटातून पिस्तुलाची गोळी आत गेली. ते जॅकेट काही महिनेच वापरलेलं होतं. चौकशीत कळलं की उष्णता आणि दमटपणाने तंतू आतल्या आत खराब होतो, वरून काही दिसत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. त्यातून २००८ च्या जॅकेटच्या मानकात नवीन अट आली : जॅकेट ६५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत फिरत्या पिंपात १० दिवस गरगरवायचं, ७२,००० फेरे, आणि मग त्यावर गोळ्या झाडायच्या.

ही अट जॅकेटला आहे. १९८५ च्या ढालीच्या मानकात ती नाही. २४ तास थंड खोलीत ठेवलेला तुकडा, बस. आपल्या हवेसाठी कोणी विचारलं तर मी म्हणेन : ढाल ७० अंशांच्या भट्टीत दिवसभर ठेवा, बाहेर काढल्यावर ती गार व्हायच्या आत गोळ्या मारा.

---

मानेवाडा_रिंगरोड

सर, मनापासून आभार. 'गार व्हायच्या आत' हे फार महत्त्वाचं. भट्टीतून काढून चौकटीत आवळेपर्यंत उशीर झाला तर पृष्ठभाग निवतो आणि चाचणीला काही अर्थ उरत नाही. रेंजच्या शेजारीच भट्टी लागते.

तुमच्या २००८ वरून आठवलं. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस जॅकेटची नवीन पातळी आली, एचजी-टू. तिच्यात हीच ९ मि.मी.ची गोळी सेकंदाला ४४८ मीटरने झाडतात. ढालीच्या मानकात ४२६. ऊर्जेत हा फरक दहा टक्क्यांचा आहे. म्हणजे एकाच माणसाचं जॅकेट एका आकड्यावर तपासलेलं आणि हातातली ढाल त्याहून मवाळ आकड्यावर. त्यांच्याकडेच ए.एस.टी.एम. या संस्थेने १९८५ च्या त्या मानकानंतर ढालींसाठी वेगळी पद्धत काढली, ई-३१४१. तिच्यात पूर्ण ढाल घेतात, खिडकीवर आणि सांध्यावर गोळी मारतात. आपण जुन्यालाच का चिकटून आहोत?

---

उद्योग_हिंगणा

मी छोटा उत्पादक आहे. ढाली नाही बनवत, पण सरकारी पुरवठ्यात आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला काम. अटींत 'थ्री-ए, ०१०८.०१' एवढंच असेल तर जो नीट खिडकी बसवतो त्याचा दर जास्त निघतो आणि तो बाहेर पडतो. उत्पादकाला दोष देऊन भागत नाही. तुम्ही म्हणता पूर्ण ढाल फोडा. एक ढाल फोडली की ती भंगार. लहान ऑर्डर असेल तर हा खर्च कोणी सोसायचा? शेवटी तो दरातच चढणार.

---

मानेवाडा_रिंगरोड

भाऊ, तुमची अडचण मला कळते आणि कमी दराचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण खर्चाचं मला पटत नाही. प्रत्येक ढाल फोडायची नसते. एका लॉटमधून, म्हणजे एकाच मालाच्या एकाच वेळी बनलेल्या गठ्ठ्यातून, खरेदीदाराने स्वतः उचललेल्या दोन-तीन. पुरवठादाराने 'नमुना' म्हणून आणून दिलेल्या नव्हे. यात गोम आहे ती हीच. आणून दिलेला नमुना नेहमीच चांगला असतो.

ज्या नमुन्यावर गोळ्या मारायच्या त्यात मी जागा आधी ठरवीन. एक गोळी खिडकीच्या मधोमध. एक खिडकी आणि पाटा जुळतात त्या रेषेवर. एक हँडलच्या बोल्टवर. बोल्टवर का, तर पाटा गोळी अडवतो, पण बोल्ट मागे उडून धरणाऱ्याच्या छातीकडे येतो. बाकीच्या पाट्यावर, त्यांतली एक कडेच्या जवळ. एका चाचणीत मी स्वतः पाहिलंय : पाटा पहिल्या गोळीला पास, दुसऱ्या गोळीला पास, आणि सांध्यावरच्या गोळीला खिडकीची चौकट खालच्या बाजूने उघडली. गोळी आत आली नव्हती. पण चौकटीत बोट जाईल एवढी फट पडली होती आणि पुढची गोळी तिथे लागली असती तर अडवायला काहीच नव्हतं. कागदावर त्या ढालीच्या मालाचा अहवाल निर्दोष होता.

आणि अटी नीट लिहिल्या की दर सगळ्यांचेच सारखे वाढतात. चांगलं काम करणारा मग बाहेर पडत नाही. तुमच्यासारख्यांचा त्यात फायदाच आहे.

---

उद्योग_हिंगणा

हे शेवटचं मान्य. अटी सगळ्यांना सारख्या असतील तर माझी तक्रार नाही. नमुना खरेदीदाराने उचलायचा, हे निविदेत लिहून आलं पाहिजे, तोंडी नको.

---

अस्थिरोग_धंतोली

गोळी आरपार गेली नाही म्हणजे इजा झाली नाही असं नसतं, हे एक डॉक्टर म्हणून सांगतो. पाट्याची मागची बाजू क्षणभर फुगते आणि परत बसते. जॅकेटच्या चाचणीत मागे माती ठेवतात, त्यात पडणारा खड्डा ४४ मि.मी.पेक्षा खोल चालत नाही. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या ढालीच्या चाचणीत माती नाहीच, १५ सें.मी. मागे पत्रा आहे. म्हणजे फुगवटा ५-६ सें.मी. आला तरी पत्र्याला कळणार नाही. पण ढाल धरणाऱ्याचा हात कुठे असतो? पट्ट्यात अडकवलेला, पाट्याला जवळपास टेकलेला. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, बरोबर त्या फुगवट्याच्या वाटेत. हाड मोडलं की ढाल खाली येते आणि मग मागच्या सगळ्यांचं काय?

गोळीचा धक्का माणसाला उडवतो हे मात्र सिनेमातलं. गणित साधं आहे, ८ ग्रॅम गुणिले ४२६, ७ किलोच्या ढालीला मिळणारा वेग सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा नाही. धोका एका जागी, एका क्षणात बसणाऱ्या माराचा आहे.

---

मानेवाडा_रिंगरोड

डॉक्टरसाहेब, हा मुद्दा मूळ लेखात हवा होता इतका मोलाचा आहे. हात आणि पाटा यांच्यामध्ये जाड फोम आणि मोकळी जागा, दोन्ही पाहिजे. नुसता फोम दाबला जातो. चाचणीत मूठ जिथे येते तिथे मागे माती लावून खड्डा मोजता येतो, त्याला नवीन यंत्र लागत नाही.

---

काटोलकर_संत्रा

आमच्या शेतात मोकळी जागा आहे, टेकडीही आहे. परवान्याची बंदूक आहे. जुनी ढाल कुठून मिळाली तर आपणच करून पाहू का? निदान आपल्या पोरांना खात्री तरी होईल.

---

मानेवाडा_रिंगरोड

भाऊ, भावना समजते, पण अजिबात करू नका. परवाना संरक्षणासाठी किंवा पिकासाठी असतो, चाचणीसाठी नाही. शस्त्र कायद्याचा प्रश्न उभा राहील. त्याहून मोठं म्हणजे ढालीवरून घसरलेली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. रेंजवर आम्ही भिंतीआडून दोरीने घोडा ओढत असू, पिस्तूल हातात धरतही नसू. शिवाय वेग मोजल्याशिवाय मारलेल्या गोळीतून काहीच सिद्ध होत नाही. हे काम चंदीगडच्या टीबीआरएल या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणाचं किंवा गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचं.

---

कायदा_सिव्हिललाइन्स

माहिती अधिकारात विचारावं का, असा विचार कोणाच्या मनात येईल म्हणून लिहिते. किती ढाली आहेत, कोणत्या ठाण्यात आहेत, हे विचारू नका. ते नाकारतील आणि नाकारावंच, ती सुरक्षेची बाब आहे. कोणत्या मानकानुसार खरेदी झाली आणि पूर्ण ढालीची चाचणी अटींत होती का, एवढा प्रश्न धोरणाचा आहे, तो विचारता येतो. उत्तर मिळेलच असं नाही. आमदारांमार्फत अधिवेशनात विचारलेला प्रश्न जास्त उपयोगी. हिवाळी अधिवेशन आपल्या दारातच भरतं.

---

माजी_एसआरपी

मी राज्य राखीव पोलीस दलाच्या हिंगणा रोडच्या गटातून निवृत्त झालो. वरचं सगळं वाचलं, फार बरं वाटलं की कोणी यावर बोलून राहिलं. जवानांच्या बाजूने काही गोष्टी.

पहिली, खिडकी पुसणं. पोरं पेट्रोल नाहीतर थिनरच्या बोळ्याने पुसतात, कारण डाग पटकन जातो. खिडकीतल्या पॉलीकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात, जाळीसारखे, उजेडात तिरपं धरलं की दिसतात. मऊ कापड, साबणाचं पाणी, दुसरं काही नको.

दुसरी, ढाल उचलायची सवय. परेडला पाच मिनिटं धरणं वेगळं आणि जॅकेट, हेल्मेट घालून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेणं वेगळं. वर पोचेपर्यंत डावा हात कापायला लागतो, ढाल खाली येत जाते आणि कपाळ उघडं पडतं. खरेदीआधी ट्रायल असते तेव्हा अधिकाऱ्यांनी ढाल हातात घेऊन बघितली एवढ्यावर भागवू नये. जो धरणार आहे त्याच्याकडून जिना चढवून घ्यावा, रात्री, टॉर्च लावून, खिडकीतून निशाण दिसतं का ते बघावं. डावखुऱ्या जवानालाही एकदा धरायला लावावं, बऱ्याच ढालींचं हँडल एकाच हाताला धरून बसवलेलं असतं.

तिसरी, तक्रार कुठे करायची. जवानांनी अधिकाऱ्यांपुढे अडचणी मांडायचा दरबार असतो ना, तिथे उभं राहून सांगावं. नुसतं 'ढाल खराब आहे' म्हटलं तर कोणी ऐकत नाही. 'खिडकीचं सील सुटलंय, खालच्या कोपऱ्यात फट आहे' असं सांगितलं की आरपीआय, म्हणजे राखीव पोलीस निरीक्षक साहेबांना आर्मोररला, शस्त्रांची देखभाल करणाऱ्याला, बोलवावंच लागतं.

---

खाकीघर_टाकळी

काका, माझ्या भावाला आजच पाठवते हे. त्याने घरबसल्या, काही न फोडता, काय काय बघावं?

---

मानेवाडा_रिंगरोड

ताई, त्याला म्हणावं एक नाणं घेऊन पाटा सगळीकडे हलकेच ठोकून बघ. चांगल्या जागी टणक, बंद आवाज येतो. थर सुटले असतील तिथे पोकळ, भद्द येतो. तो भाग खडूने गोल करून आर्मोररला दाखवायचा. हँडल हलवून बोल्ट सैल नाहीत ना ते बघायचं, पण स्वतः नवीन बोल्ट किंवा नवीन भोक मुळीच पाडायचं नाही. कडेचा रंग उडालाय का, खिडकी पिवळी पडलीय का, काचेच्या थरांत बुडबुडे किंवा ढगाळ डाग दिसतात का. ढाल एकदा जोरात पडली असेल किंवा तिला एक जरी गोळी लागली असेल तर ती कामातून बाजूला, बाहेरून धडधाकट दिसली तरी. आणि व्हॅनमध्ये उन्हात ठेवायची नाही, कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आडवी, सावलीत.

---

माजी_एसआरपी

यात एक जोडतो. मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर लॉट नंबर आणि बनवल्याची तारीख असते. ती सगळ्यात आधी डायरीत उतरवून घ्यायची आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवायचा. पट्टा घासून ती पट्टी वर्षा-दोन वर्षांत पुसली जाते. मग एखाद्या लॉटमध्ये दोष निघाल्याचं पत्र वरून आलं तरी आपल्या हातातली ढाल त्यातली आहे की नाही, हे कोतातही कोणाला सांगता येत नाही.